पौष वद्य द्वादशीची ओहोटी

"आपल्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी कोणाला फसवलेलं नाही," असं आप्पा म्हणाले, आणि त्यांनी ताईच्या डाव्या चपलेच्या तळाला चामड्याचा तिसरा थर चिकटवून त्यावर वरवंटा ठेवला.

शनिवारची संध्याकाळ होती. वरवंटा घसरू नये म्हणून तो धरून बसण्याचं काम माझ्याकडे होतं. मी नुकताच बी.ए. होऊन घरी बसलो होतो, त्यामुळे घरातली सगळी बसायची कामं माझ्याकडेच येत. याला आता तेहतीस वर्षं होतील.

कुंदाताई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. तिसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना डावा पाय इंचभर आखूड करून गेला. ती डावी टाच न टेकता चवड्यावर चाले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने इतक्या सफाईने चाले की अनोळखी माणसाला लक्षात यायला अकरा पावलं लागत. हा आकडा अंदाजाचा नाही. आमच्या स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत अकरा पावलं होती. हातात पोह्यांचा ट्रे घेऊन, खाली मान घालून, अनवाणी अकरा पावलं. त्या अकरा पावलांत दोन स्थळं गेली होती, एक सावंतवाडीचं आणि एक बेळगावचं. बेळगावकरांनी तर "परत एकदा चाल बघू" असं सांगून खात्री करून घेतली, आणि पोहे संपवून मग नकार दिला.

आप्पा हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही नकारांचा विचार करून निष्कर्ष काढला की दोष पायात नसून घरात आहे. घरात माणूस अनवाणी असतो. बाहेर तो चपला घालतो. आणि चपलेचा तळ आपल्या हातात असतो.

त्याच महिन्यात आमच्या ज्ञातिमंडळाचं पत्रक आलं होतं. 'सहकुटुंब सागरतीर पदभ्रमण. अंतर साडेचार किलोमीटर. लहानथोर सर्वांना झेपेल असे. वाटेत पुळणीवर विश्रांती व अल्पोपाहार.' पुळण म्हणजे आमच्याकडची वाळूची किनारपट्टी. पत्रकात सागर, आरोग्य आणि निसर्ग होता. उपवर मुलामुलींचा उल्लेख नव्हता, पण नाव नोंदवायच्या कागदावर मुलीची उंची, रास आणि नाडी विचारली होती.

लंगडणाऱ्या मुलीचं लग्न जमवायचं तर तिला साडेचार किलोमीटर चालवली पाहिजे, हा शोध माझ्या वडिलांचा. कोल्हापूरचं एक स्थळही त्या पदभ्रमणाला यायला तयार झालं होतं.

"आणि पुळणीवर?" मी विचारलं. "तिथे सगळे चपला काढतील की."

आप्पा ह्याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "उद्या तिथी कोणती? द्वादशी. बाराची पाऊणपट किती?"

"नऊ."

"तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. नऊ वाजता पूर्ण भरती. साडेसातला देवळापासून निघायचं, नवाला पुळणीवर. पाणी सुरूच्या झाडांच्या मुळाशी आलेलं असणार. वाळूच शिल्लक नाही तर चालतो कोण? सगळे कातळावर बसतील, शेंगा खातील, दहाला पुढे दीपगृहाकडे." मग हात झटकून म्हणाले, "निसर्गाचं काम चोख असतं."

ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आप्पा, त्यांना सांगून टाका ना सरळ."

"सांगणार आहेच. लग्न ठरू दे, मग सांगतो."

"मग सांगून काय उपयोग?"

"मग ठरलेलं असेल, हाच उपयोग."

"तुम्ही नाही तर मी सांगते."

आप्पा उठले. त्यांनी तिचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "तोंडाने एक शब्द काढायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

ताई ग्रंथालयशास्त्र शिकलेली, पण शपथ मात्र मानायची. तिने हात काढून घेतला. "वरवंटा नीट धर रंग्या," ती मला म्हणाली, "नाहीतर चप्पलसुद्धा लंगडी व्हायची."

मला वेगळी आज्ञा झाली. उद्या मी ताईच्या मागे तीन पावलांवर चालायचं. तिची चाल मागून कोणाच्या नजरेला पडता कामा नये.

रविवारी साडेसातला आम्ही देवळापाशी हजर होतो. मंडळाच्या कार्यवाह प्रभुदेसाई बाई गळ्यात शिट्टी अडकवून आल्या होत्या. त्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि रविवारीही ते त्यांच्या अंगातून जात नसे. आठ वाजले, नऊ वाजले. समुद्र सुरूच्या मुळाशी येऊन गेला असणार. वरपक्ष मात्र घाटात अडकला होता. कोल्हापूरची एस.टी. आंबोलीला अडीच-तीन तास पंक्चर होऊन उभी राहिली, आणि पंक्चर निघाल्यावर वरमामांना चहा प्यायचा होता. आप्पांनी समुद्राचं वेळापत्रक अचूक काढलं होतं. वरपक्षाचं काढायचं राहिलं होतं.

पावणेअकराला ते तिघे उतरले. दिगंबर नेरूरकर, त्याची आई आणि मामा. दिगंबर तेहतिसाचा, सरकारी नोकरीतला, सडसडीत. बोलायला लाजणारा. दर चार वाक्यांनंतर रुमालाने मान पुसायचा. मामा त्याच्या वाटचंही बोलायचे.

"अहो, पण आमचं कार्यक्रम पाहून ठरलं बरं का," मामा आप्पांना म्हणाले. "मी म्हटलं, चला, कांदेपोहे नकोत. मोकळ्या हवेत माणूस कळतो."

"अगदी," आप्पा म्हणाले. "आमचंही तेच मत." आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

शिट्टी वाजली. वाट सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळी माळावरून जात होती, जांभ्या दगडाची आणि टणक. ताई तीन थरांच्या चपलेवर, साडीच्या निऱ्या घोट्यापर्यंत सोडून, सुंदर चालत होती. दिगंबर शेजारी. मी मागे तीन पावलांवर. एकदा दिगंबरच्या आईने मला मागे टाकून पुढे जायचा प्रयत्न केला. मी त्यांना करवंदीच्या जाळीत एक पक्षी दाखवला. पक्षी नव्हता. त्या सज्जन बाई बराच वेळ तो शोधत राहिल्या.

पुढचं बोलणं मला तुटक ऐकू येई.

"वाचनालयात पुस्तकं परत करतात का हो लोक?"

"करतात. शेवटची पानं फाडून करतात."

दिगंबर हसला. मग त्याने मान पुसली आणि म्हणाला, "मी पहिली पानं वाचून ठेवतो. मला शेवट आवडत नाहीत." आता ताई हसली. मी तिला परक्या माणसासमोर हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. परक्या माणसासमोर ती बहुतेक वेळा ट्रे घेऊन उभी असायची.

बाराच्या सुमारास आम्ही पुळणीवर उतरलो. पाणी शंभर पावलं आत गेलं होतं आणि त्याने मागे इतकी ओली, सपाट, गुळगुळीत वाळू ठेवली होती की खेकडा चालून गेला तर त्याचे आठही पाय मोजता यावेत.

आप्पांनी त्या वाळूकडे पाहिलं, जसं ते नापास होणाऱ्या हुशार मुलाकडे पाहत.

"चपला!" प्रभुदेसाई बाई ओरडल्या. "सगळ्यांनी चपला इथे सुरूखाली काढायच्या. एका ओळीत! पायाला वाळूचा स्पर्श झाला पाहिजे. रक्ताभिसरण!"

"कुंदा इथे थांबेल," आप्पा घाईने म्हणाले. "चपला सांभाळायला कोणीतरी हवंच."

"हो, कोणीतरी हवं खरं," दिगंबर म्हणाला. त्याने स्वतःच्या चपला काढून ओळीत ठेवल्या, मग उचलून जरा सावलीत ठेवल्या.

ताईने आप्पांकडे पाहिलं. मग वाकून आपल्या दोन्ही चपला काढल्या. "चपलांना काही होत नाही," ती दिगंबरला म्हणाली. "चला, पाण्यापर्यंत जाऊन येऊ."

ओळीत तिची डावी चप्पल उजवीपेक्षा इंचभर उंच उभी होती. मी तिच्यावर टॉवेल टाकला आणि धावत जाऊन माझी जागा घेतली.

कोरड्या वाळूत भीती नव्हती. तापलेल्या भुसभुशीत वाळूत सगळेच लंगडतात. मामा तर दोन्ही पायांनी लंगडत होते. पण मग ओली वाळू लागली. ताई आणि दिगंबर पाण्याच्या कडेने चालू लागले. त्यांच्या मागे चार ओळी उमटत गेल्या. दिगंबरच्या दोन. ताईच्या उजव्या पायाची एक, पूर्ण, टाचेसकट. आणि डाव्याची एक. पाच बोटं, चवडा, आणि मागे काहीच नाही. प्रत्येक पावलाला टाच गायब. शाईचा शिक्का मारावा तशी ती ओळ लांबवर चालली होती, आणि मागून मामा, दिगंबरची आई आणि सबंध ज्ञाती येत होती.

मग मला सुचलं. आप्पांनी एवढं सांगितलेलं नव्हतं. हे माझं स्वतःचं. मी तिच्या डाव्या पावलावर माझं पाऊल ठेवलं, नऊ नंबरचं, टाच चांगली दाबून. मग पुढच्या. मग त्या पुढच्या. उजवी सोडली तर वेगळं दिसेल म्हणून उजवीवरही. शे-सव्वाशे पावलं मी तशी चाललो. मागे वळून पाहिलं तर एका निरोगी माणसाची सरळ ओळ दिसत होती. बी.ए. झाल्यापासून माझ्या हातून झालेलं ते पहिलं नीट काम.

पुढे ताई थांबली. वाऱ्यामुळे शब्द ऐकू आले नाहीत, पण तिने दिगंबरला हाताने मागे बघायची खूण केली. दिगंबर वळला. त्याने माझ्या बाजूला, माझ्यावरून पलीकडे, बराच वेळ पाहिलं. मी तिच्या शेवटच्या दोन पावलांवर दोन्ही पाय ठेवून उभा होतो. मी हसून हात केला. त्यानेही हात केला. मग तो ताईकडे वळून काहीतरी म्हणाला, आणि दोघं पुढे चालू लागली.

परत आल्यावर उकडलेल्या शेंगा आणि कोकम सरबत होतं. वरपक्षाची माणसं कातळावर बसली होती. ताई माझ्यापाशी आली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, आणि फक्त उन्हानेच नव्हे.

"सांगितलं मी रंग्या."

"काय सांगितलंस?"

"शपथ नाही मोडली. तोंडाने एक शब्द नाही काढला. मुद्दाम पाण्याच्या कडेने चालले. म्हटलं, मागे वळून बघा, आणि काय ते ठरवा. त्यांनी पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. आणि माहितीये काय म्हणाले?"

"काय?"

"'काही काळजी नाही,' म्हणाले. एवढंच. आणि चालायला लागले. तू मागेच होतास. तुला दिसलीच असतील पावलं. किती स्पष्ट उमटली होती ना?"

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही. माझ्या हातात सोललेली शेंग होती, ती मी आत टाकली.

"हो," मी म्हणालो. "स्पष्ट होती."

महिन्याभरात सुपारी फुटली आणि वैशाखात लग्न झालं. आप्पांचा 'मग सांगतो'चा दिवस काही आला नाही. ताईला वाटत होतं की त्याची गरजच नाही. लग्नात नऊवारीच्या घोळात आणि करवल्यांच्या गर्दीत नवरीची चाल कोणी बघत नाही. सप्तपदीला तर ती इतकी हळू आणि सावकाश चालली की भटजींनी तिच्या संस्काराचं कौतुक केलं.

नवव्या दिवशी दुपारी नेरूरकर मंडळी तिला घेऊन आमच्या पडवीत हजर झाली. कोल्हापूरच्या घरात शहाबादी फरशी होती आणि देवदर्शनाची, पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर सासूबाईंनी तिला हंडा घेऊन येताना पाहिलं होतं. अकरा पावलंही लागली नव्हती.

"फसवलंत तुम्ही आम्हाला," दिगंबरची आई म्हणाली. "पायाचं सांगितलं नाहीत."

आप्पा सात पिढ्यांच्या खांबाला टेकून उभे होते.

"मी सांगितलं होतं," ताई म्हणाली. ती दिगंबरकडे बघत होती. "पुळणीवर. तुम्हाला पावलं दाखवली होती मी."

"वाळूतली पावलं!" मामा म्हणाले. "हा कुठल्या कोर्टात पुरावा होतो?"

दिगंबरने मान पुसली. "मागे बघा म्हणालीस तू, हे खरं आहे. मी पाहिलंही. पण मला पावलंबिवलं काही दिसली नाहीत गं."

"रंग्याला विचारा. तो मागे होता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिगंबर पुढे आला. त्याचा आवाज हळू होता, आणि त्यात विनवणी होती, हे मी शपथेवर सांगू शकतो. आता शपथेला किंमत नाही ही गोष्ट वेगळी.

"श्रीरंगराव, तुम्ही सांगा. दाखवायचा हिचा हेतू होता आणि पावलं उमटली होती, एवढं तुम्ही म्हणालात तरी मला पुरे. पायाचं मी बघून घेईन. पण ही खोटं बोलली असेल तर मला नाही जमायचं. आई, तू मध्ये बोलू नकोस."

म्हणजे गोष्ट इतकी सोपी होती. दोन वाक्यं. पावलं होती. ती मी पुसली. त्या बदल्यात सगळे मला गाढव म्हणाले असते, आणि ते तसंही म्हणतच होते. मी आप्पांकडे पाहिलं. ते डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, पण ते 'बोल' होतं की 'बोलू नको', हे मला अजून कळलेलं नाही. मग मला मधला मार्ग दिसला. मला तो नेहमी दिसतो.

"उमटली असतील," मी म्हणालो. "पण लाट येऊन गेली असेल वरून. पुसली गेली असतील."

कोणी काही बोलायच्या आत आप्पा बोलले. छत्तीस वर्षांची नोकरी आपोआप बोलली. "लाट कशी येईल? द्वादशी होती. नवाला भरती, तीनला ओहोटी. बारा वाजता पाणी खाली जात होतं. एकदा सोडलेल्या वाळूवर ते परत येत नाही."

हे ज्ञान त्या क्षणी कोणीही मागितलेलं नव्हतं.

"ऐकलंत?" मामा म्हणाले. "लाट नाही, पावलंही नाहीत. विषय संपला."

ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, माझ्या पायांकडे. बराच वेळ.

"तुझा चपलेचा नंबर काय रे?" तिने विचारलं.

"नऊ."

"हं," ती म्हणाली. मग दिगंबरकडे वळली. "बरोबर आहे तुमचं. मी काही दाखवलं नव्हतं. तुम्ही निघा, पाचची गाडी मिळेल."

ती हे बोलू शकली असती, की ह्याने पुसली. तिने ते त्या दिवशीही म्हटलं नाही आणि नंतरही कधी नाही. ती आत गेली. पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत, अकरा पावलं, आणि तेवढ्या वेळात मी पहिल्यांदा तिच्या मागे नव्हतो.

पुढे रीतसर घटस्फोट झाला. ताई वाचनालयातून निवृत्त झाली. आप्पा गेले, घर आम्हा दोघांचं झालं आणि आम्ही त्याच घरात राहतो. माझं लग्न झालं, मुलं झाली. माझी मुलं तिच्याकडे शिकली. ती माझ्याशी बोलते. गॅस संपलाय, वायरमन येऊन गेला, तुझं टपाल आहे. कधीही काही कमी नाही, जास्त नाही. मंडळाचं पदभ्रमण अजून दर पौषात निघतं. आता पत्रकात टोपी आणि पाण्याची बाटली आणा असंही लिहितात.

गेल्या वर्षी कोल्हापूरला काम होतं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टँडवर बाकावर बसलो, तर शेजारी एक गृहस्थ रुमालाने मान पुसत होते. दोघांनाही ओळखायला वेळ लागला आणि ओळखल्यावर उठून जायला उशीर झाला होता.

"तुमच्या ताई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत."

त्यांचं दुसरं लग्न झालं होतं, मुलगी पुण्यात होती. ते सांगून झालं. मामा वारल्याचंही सांगून झालं. गाडीला अजून वीस मिनिटं होती. आणि मी ते सांगून टाकलं. सगळं. टाच, नऊ नंबर, शे-सव्वाशे पावलं. इतकी वर्षं तयार असलेली दोन वाक्यं होती, म्हणताना पंधरा-वीस झाली.

दिगंबरराव शांतपणे ऐकत होते. मला वाटलं ते चिडतील. मी त्याची तयारी ठेवली होती. खरं तर मी त्याची वाटच पाहत होतो.

"असतील की पावलं," ते म्हणाले. "तुम्ही पुसली नसती तरी मला दिसली नसती."

"म्हणजे?"

"मी वाळूकडे पाहिलंच नाही हो. त्या शिट्टीवाल्या बाईंनी सगळ्यांच्या चपला उघड्यावर ठेवायला लावल्या होत्या. राखायला कोणी नाही. माझा सगळा जीव तिकडे. तुमच्या ताई म्हणाल्या मागे बघा, मला वाटलं त्यांनाही तीच काळजी. म्हणून मी लांबूनच सुरूखाली नजर टाकली. होत्या जागेवर. म्हटलं, काही काळजी नाही." त्यांनी रुमालाची घडी घातली. "नव्या होत्या. आदल्याच दिवशी घेतलेल्या."

गाडी लागली. मी पिशवी उचलली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "कोल्हापुरी?"

"हो," ते म्हणाले. "पण खाऱ्या वाळूने चामडं गेलं. वर्षभरसुद्धा टिकल्या नाहीत."